कॅन्सर कळल्यानंतरचे पहिले शंभर दिवस

कॅन्सरचं निदान झालं की घरात एकच धावपळ उडते. कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, पेट स्कॅन कुठे करायचा, फुले योजनेत बसतंय का, मुंबईत कोण ओळखीचं आहे, रजा कोण टाकणार. या सगळ्या गडबडीत ज्याला आजार झालाय तो माणूस बऱ्याचदा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. जेवलास का, गोळी घेतलीस का, हे त्याला सगळे विचारतात. रात्री झोप लागते का, मनात काय चाललंय, हे विचारणारे फार थोडे. आणि विचारलंच, तर उत्तर यायच्या आत "काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस" म्हणून विषय संपवतात.

भारतात दरवर्षी १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कॅन्सर असल्याचं कळतं. म्हणजे तितकीच घरं दरवर्षी या अवस्थेतून जातात. गाठीवर काय उपचार करायचे याबद्दल आता मराठीतही बरंच वाचायला मिळतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर मनाचं जे होतं ते आजाराइतकंच खरं असतं, ते मोजता येतं आणि त्यावर उपचारही आहेत, हे अजून पुरेसं पोहोचलेलं नाही. त्याची विचारपूस करणं हे दवाखान्याचंही काम आहे आणि घरच्यांचंही. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळं त्याचाच तपशील.

शब्द कानावर पडतो तेव्हा

डॉक्टर वीस मिनिटं समजावून सांगतात आणि बाहेर आल्यावर पेशंटला आठवत असतो तो फक्त एक शब्द. घरचे म्हणतात, "अरे, आत्ताच तर सांगितलं ना त्यांनी!" पण यात पेशंटची काही चूक नसते. जिवावरचा धोका समोर दिसला की मेंदू सगळ्या शरीराला सावध करतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि लक्ष त्या एकाच धोक्यावर खिळून राहतं. त्या वेळी स्टेज, ग्रेड, केमोच्या किती सायकल हे सगळं कानावरून निघून जातं. पायाखालची वाळू सरकली असं आपण म्हणतो, तेव्हा शरीरात जे घडत असतं ते हेच.

यावर उपाय साधे आहेत आणि ते खरोखर उपयोगी पडतात. डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नये. एक वही ठेवावी. डावीकडच्या पानावर घरून लिहून आणलेले प्रश्न आणि उजवीकडच्या पानावर डॉक्टरांनी दिलेली उत्तरं. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तरी बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. आणि "आज काही डोक्यात शिरत नाहीये, मी परवा पुन्हा येऊ का?" असं विचारायला मुळीच संकोच वाटू देऊ नये. काही मोजके प्रसंग सोडले तर एक-दोन दिवसांनी उपचारांवर फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत घाई आहे का, हे तिथेच विचारून घ्यावं.

पुढचे काही आठवडे कसे जातात याचं चित्र जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडून ठेवलं आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात १९७७ मध्ये त्यांनी मानसोपचार सेवा उभी केली, आणि कॅन्सर पेशंटच्या मनाचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून पुढे आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणे पहिल्या आठवड्यात धक्का आणि अविश्वास असतो. रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल, लॅबवाल्यांनी घोळ केला असेल असं वाटत राहतं. काही जण तर इतके शांत दिसतात की घरच्यांना वाटतं, किती धीराने घेतलंय. मग एक-दोन आठवडे उलघाल. झोप उडते, अन्नावर वासना राहत नाही, टीव्ही चालू असतो पण काय चाललंय ते कळत नाही, मध्येच रडू फुटतं, मध्येच कुणावर तरी राग निघतो. त्यानंतर, विशेषतः उपचारांची दिशा ठरली की, बहुतेकांचं मन हळूहळू जागेवर यायला लागतं. पुढे स्कॅनची तारीख आली की पुन्हा हलतं, पण पहिल्यासारखं नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १९७०च्या दशकात, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एव्हरी वाइझमन आणि विल्यम वर्डन यांनी नुकतंच निदान झालेल्या पेशंटशी पुन्हा पुन्हा बोलून नोंदी ठेवल्या. निदानानंतरचे साधारण पहिले शंभर दिवस त्यांना वेगळे दिसले. या काळात मी जगणार की मरणार, माझ्यामागे काय होणार, हाच विचार बाकी सगळ्याच्या वर असतो. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली आणि ती फार कामाची आहे. ज्यांना जास्त त्रास झाला, त्यांच्या आयुष्यात बऱ्याचदा आधीपासूनच काही अडचणी होत्या. घरातले ताण, पैशांची ओढाताण, आधार देणारं माणूस नसणं, पूर्वी कधी मनाचा आजार झालेला असणं. स्टेज पहिली म्हणजे त्रास कमी आणि चौथी म्हणजे जास्त, असा सरळ हिशेब नव्हता. "तुझी तर पहिलीच स्टेज आहे, मग इतकं काय?" हे वाक्य म्हणूनच बोलू नये.

कॅन्सरचा विषय निघाला की पाच पायऱ्यांबद्दलही हमखास बोललं जातं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि मग स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे मांडलं ते शेवटच्या आजारात असलेल्या माणसांशी बोलून. आज ज्याला निदान कळलंय आणि ज्याचे उपचार अजून सुरू व्हायचे आहेत, त्याला या पायऱ्या लावायचं कारण नाही. एकाच दुपारी माणूस हसतो, चिडतो, हिशेब मांडतो आणि रडतोही. कुठली पायरी चुकली म्हणून कुणी मागे पडत नाही.

वाट पाहणं

या काळात सगळ्यात जास्त कशाने पोखरलं, असं पेशंटना विचारलं तर बरेच जण केमोचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, रिपोर्टची वाट पाहणं. बायोप्सी झाली, गाठ कॅन्सरची आहे हे कळलं, तरी तेवढ्याने भागत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती गाठ हार्मोनला दाद देणारी आहे का, हर-टू पॉझिटिव्ह आहे का, म्हणजे तिच्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, हे पाहायला आणखी तपासण्या लागतात आणि त्यात दिवस जातात. मग स्कॅनची तारीख. मग ट्यूमर बोर्ड, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात ती बैठक. तोवर जीव टांगणीला. नेमक्या याच दिवसांत रात्री दोन वाजता मोबाइल हातात येतो आणि माणूस सगळ्यात वाईट पान उघडून वाचत बसतो.

उपचार कठीण असला तरी तो एकदा ठरला की अनेकांचा चेहरा सैल होतो, हे वॉर्डात काम करणारी कुठलीही नर्स सांगेल. अनिश्चितता माणसाला वाईट बातमीपेक्षाही जास्त छळते. म्हणून डॉक्टरांनी, निदान त्यांच्या मदतनिसांनी, "पुढचा रिपोर्ट अमुक दिवशी येईल, तो कसा मिळेल, आणि त्यानंतर काय ठरेल" ही तीन वाक्यं सांगितली तरी पेशंटचा अर्धा भार उतरतो. त्यांनी नाही सांगितलं तर आपण विचारावं.

ताप मोजतो तसा त्रास मोजणं

दुखणं किती आहे हे शून्य ते दहात सांगा, असं दवाखान्यात विचारतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाच्या त्रासासाठी हीच युक्ती वापरली. कागदावर एक थर्मामीटर काढलेलं असतं. तळाला शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, वर दहा म्हणजे टोकाचा. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, तुम्हाला किती त्रास झाला त्या आकड्यावर खूण करायची. सुरुवातीला हे प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशंटवर वापरून पाहिलं गेलं. वयस्कर पुरुष, मनातलं बोलण्याची सवय नाही, मानसोपचाराचं नाव काढलं की अंग चोरणारे. पण "चार" किंवा "सात" म्हणायला त्यांची हरकत नव्हती. आकडा सांगताना आपण दुबळे ठरतोय असं वाटत नाही.

चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की पुढे नीट चौकशी करायची, असा आता रिवाज आहे. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेने १९९९ मध्येच याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हे घरीही करता येतं. कागद नसला तरी चालतं. संध्याकाळी चहा घेताना "आज कितीवर आहेस?" एवढं विचारायचं. आठ म्हटलं तर दचकून उपदेश सुरू करायचा नाही. "कशामुळे आठ?" हा पुढचा प्रश्न.

या दुसऱ्या प्रश्नाला खरं महत्त्व आहे. त्या कागदावर थर्मामीटरच्या शेजारी अडचणींची एक यादी असते आणि तिच्यात भीती आणि उदासीबरोबरच पैसा, राहण्याची सोय, प्रवास, मुलांना सांभाळणं, नोकरी, श्रद्धेविषयीचे प्रश्न, झोप, मळमळ हे सगळं असतं. हे मला फार पटतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. त्यातल्या एखाद्या बाईचा आकडा नऊ असेल, तर त्यामागे मरणाची भीती असेलही. पण आज रात्री कुठे झोपायचं, गावाकडे म्हशीची धार कोण काढतंय, धाकट्याची परीक्षा आहे, हेही असेल. तिला नुसतं समुपदेशन देऊन काय होणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर आकडा खाली येईल.

त्यामुळे सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात पोहोचलात की समाजसेवा विभाग कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पैशांच्या मदतीचे अर्ज, रेल्वेची सवलत, राहण्याची व्यवस्था हे सगळं तिथे कळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरचे अनेक उपचार त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, कागदपत्रं त्याला दाखवायची. पैशाची बोलणी घरातले पेशंटपासून लपवतात. पेशंटला मात्र सगळं दिसत असतं, आणि "माझ्यामुळे जमीन विकावी लागणार" हा विचार त्याला आतून खात असतो. योजना मंजूर झाली हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगणं हादेखील मनावरचा उपचारच आहे.

साधं दुःख कुठवर आणि आजार कुठून

हा प्रश्न अवघड आहे, डॉक्टरांसाठीही. भूक मेली, वजन उतरलं, झोप नाही, अंगात त्राण नाही, ही नैराश्याची लक्षणं. पण कॅन्सर आणि केमोमुळेही हेच होतं. म्हणून शरीराच्या लक्षणांवरून अंदाज बांधायचा नाही, मनाच्या लक्षणांकडे बघायचं. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास आहे का? नातवंडं आली, आवडीची मालिका लागली, कुणी मोगऱ्याचा गजरा आणला, तरी काहीच वाटत नाही असं झालंय का? "मी ओझं झालोय", "माझाच दोष आहे" हे पुन्हा पुन्हा येतंय का? दुःखी माणसाचं दुःख कमी-जास्त होतं, चांगल्या क्षणी तो थोडा उमलतो. नैराश्यात हे उमलणंच थांबतं.

किती जणांना होतं? २०११ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कॅन्सर पेशंटपैकी ३० ते ४० टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार किंवा परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा विकार, यांपैकी काहीतरी होतं. पूर्ण स्वरूपाचं नैराश्य साधारण सहा-सात जणांत एकाला. या आकड्यांतून दोन गोष्टी घ्याव्यात. निम्म्याहून अधिक लोक वाईट दिवस काढतात आणि आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात, त्यांना मानसोपचाराची गरज पडत नाही. आणि उरलेल्यांची संख्या एवढी मोठी आहे की "कॅन्सर झालाय, उदास तर असणारच" असं म्हणून त्यांना सोडून देता येणार नाही. कॅन्सर असताना ताप आला तर आपण "येणारच" म्हणून बसून राहत नाही.

कधी कधी मनाच्या त्रासाचं मूळ औषधातच असतं. केमोबरोबर मळमळ टाळण्यासाठी देतात ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. त्याने दोन-तीन रात्री झोप उडू शकते, चिडचिड होते, मन एकदम वर-खाली होतं. ते सकाळी घेतलं तर चालेल का, असं विचारून पाहावं. नीट न आवरलेलं दुखणं, थायरॉइड बिघडणं, रक्त कमी असणं, यांनीही माणूस खचल्यासारखा दिसतो. हे सगळं डॉक्टरांना तपासता येतं, पण त्यासाठी कुणीतरी त्यांच्या कानावर घालायला हवं.

आणि एक इशारा. मनाच्या डॉक्टरांना कॅन्सरच्या गोळ्यांची नावं दाखवल्याशिवाय औषध सुरू करू नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिलं तर शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम कमी होण्याचा धोका असतो. दुसरी चांगली औषधं आहेत, डॉक्टर ती निवडतात. पण "ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिली" हा प्रकार इथे महागात पडतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. स्वीडनमध्ये ६० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्या लोकांच्या तुलनेत बारा पटींहून जास्त आढळला, मग तो झपाट्याने उतरत गेला. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोकाही पहिल्या आठवड्यात वाढलेला होता. प्रत्यक्षात असं घडलेल्या लोकांची संख्या फार थोडी होती, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण अजून एकही इंजेक्शन टोचलेलं नाही अशा वेळी नुसती बातमी शरीरमनाला किती हादरवते, हे यातून कळतं. "जगून काय करू", "तुम्ही सुटाल" असं कुणी बोलत असेल तर "असं बोलू नकोस" म्हणून तोंड बंद करू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते.

"पॉझिटिव्ह राहा"

हे वाक्य लोक प्रेमाने म्हणतात, मला ठाऊक आहे. तरीही ते कमी वेळा म्हटलं जावं असं मला फार वाटतं. कारण त्याच्या पोटात एक गर्भित अर्थ असतो: तू मन घट्ट ठेवलंस तर बरा होशील. मग स्कॅन वाईट आला की पेशंट स्वतःलाच विचारतो, मी कुठे कमी पडलो? परवा रात्री रडलो म्हणून वाढला का?

रडल्याने गाठ वाढत नाही. २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या एक हजारांहून अधिक पेशंटचा एक अभ्यास आला. मन आनंदी असलेले जास्त जगले, उदास असलेले कमी, असं काही त्यात दिसलं नाही. त्याआधी २००१ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या २३५ बायकांवर एक प्रयोग झाला होता. त्यांतल्या काहींना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून मोकळेपणाने बोलू दिलं. त्यांचं आयुष्य वाढलं नाही. पण मन हलकं झालं आणि दुखण्याचा त्रासही कमी जाणवू लागला. मला हा निष्कर्ष अतिशय मोलाचा वाटतो. मनाची काळजी घ्यायची ती ट्यूमरला हरवण्याचं हत्यार म्हणून नाही. आज, या आठवड्यात, हे माणूस कमी छळात जगावं, म्हणून घ्यायची. मन खचलेलं नसलं तर गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, तारखा चुकत नाहीत, हा फायदा आहेच.

आपल्याकडे या ओझ्यावर आणखी एक ओझं टाकलं जातं, ते म्हणजे दोष. तोंडाचा कॅन्सर झालेल्याला भेटायला येणारे पहिलं वाक्य तंबाखूवरून बोलतात. महाराष्ट्रात मशेरी लावणाऱ्या बायका, गायछाप मळणारे शेतकरी, गुटख्याच्या पुड्या फोडणारी पोरं, सगळ्यांना हे ऐकावं लागतं. तंबाखू सोडायलाच हवी, आणि सोडण्यासाठी मदतही मिळते. पण जबड्याचं ऑपरेशन व्हायचंय अशा माणसाला "केलेलं भोग" सुनावून काय साधतं? आणि जिने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही तिला विचारतात, कुणाचं वाईट केलं होतंस? काही घरांत अजून ताटवाटी वेगळी काढतात. जेवणातून, स्पर्शातून, एका अंथरुणावर झोपण्यातून कॅन्सर पसरत नाही. वेगळं काढलेलं ते एक ताट पेशंटच्या मनात वर्षानुवर्षं राहतं.

"तिला सांगू नका"

माझ्या मावशीच्या वेळी काका केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून म्हणाले होते, "तिला नुसती गाठ आहे एवढंच सांगा. खचेल ती." डॉक्टरांनी मान हलवली. मावशी बाहेर बाकड्यावर बसली होती, मांडीवर फाइलची प्लास्टिकची पिशवी. समोरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत कॅन्सर विभाग लिहिलेलं. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी. मावशी सातवी शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचणारी. घरी परत आल्यावर भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "तुझ्या काकांना वाटतंय मला माहीत नाही. वाटू दे. त्यांना तेवढाच धीर." म्हणजे ते तिला सांभाळत होते आणि ती त्यांना. दोघंही रात्री जागेच, एकमेकांकडे पाठ करून.

हे आपल्याकडे घरोघरी होतं आणि त्यात प्रेमच असतं. पण याने पेशंट एकटा पडतो. मनातलं बोलायचं तर कुणाशी? सगळे नाटक करतायत, आपणही करायचं. शिवाय आपल्या शरीरावर काय होणार हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. उलट टोकाला जाऊन सगळं त्याच्या तोंडावर फेकणं हेही बरोबर नाही. वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० सालापासून डॉक्टरांना शिकवली जाते. त्यात बातमी सांगण्याआधी दोन गोष्टी येतात: पेशंटला आत्तापर्यंत काय समजलंय हे त्याच्याकडून ऐकायचं, आणि त्याला किती जाणून घ्यायचंय हे विचारायचं. कुणी म्हणतं, "सगळं सांगा, आकड्यांसकट." कुणी म्हणतं, "माझ्या मुलाशी बोला, मला नको." दोन्ही मान्य करायचं. ठरवायचं त्याने.

काकांना मी एवढंच म्हटलं की तुम्ही सांगू नका, तिला विचारा. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "केमो कधीपासून आहे?"

लहान मुलांच्या बाबतीतही हेच. आजीच्या खोलीत बोलणी बंद होतात, आई न्हाणीघरात रडते, हे पाच वर्षांच्या पोरालाही दिसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: आजाराचं नाव काय, तो माझ्या वागण्यामुळे झाला का, आणि आता माझा डबा कोण करणार. साध्या शब्दांत खरं सांगावं. "गावाला गेलीय" म्हणू नये.

मदत कशी असते

समुपदेशन म्हणजे कुणीतरी धीराचे चार शब्द बोलणं, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याला रीत असते. आज सतावणारी एकच अडचण घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, त्यातला एक या आठवड्यात सोडवायचा. "केमोने मी मरणारच" अशासारखा विचार पकडून तो कितपत खरा आहे हे तपासायचं. झोपेचं वेळापत्रक, श्वासाचे साधे व्यायाम, डॉक्टरांनी हो म्हटलं तर रोज थोडं चालणं. गरज असेल तर औषध. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्या झोपेच्या गोळ्या नसतात आणि त्यांची चटक लागत नाही. त्या मनाने बंद मात्र करू नयेत.

हे नीट केलं तर किती फरक पडतो? स्कॉटलंडमध्ये कॅन्सरबरोबर नैराश्य असलेल्या ५०० पेशंटवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. खास शिकवून तयार केलेल्या नर्सने पेशंटचा पाठपुरावा करायचा, मानसोपचारतज्ज्ञाने तिच्या पाठीशी राहायचं आणि फॅमिली डॉक्टरला सोबत घ्यायचं. अशा रीतीने ज्यांचे उपचार झाले त्यांच्यापैकी ६२ टक्के लोकांचं नैराश्य सहा महिन्यांच्या आत निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं. नेहमीच्या पद्धतीने ज्यांना सोडलं होतं त्यांच्यात हे प्रमाण १७ टक्के. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे खरं, पण इथलं बरंचसं काम नर्सने केलं होतं. आपल्या जिल्हा रुग्णालयांतही हे करता येण्यासारखं आहे आणि ते व्हायला हवं.

टाटासारख्या मोठ्या केंद्रांत मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना चिठ्ठी मागायची. आणखी एक मदत मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे या वाटेवरून गेलेल्या माणसाची. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून हे काम करते, कॅन्सरमधून बरे झालेले स्वयंसेवक नव्या पेशंटना भेटतात. "माझेही केस गेले होते, हे बघ आले" असं सांगणारी बाई शेजारी येऊन बसली की जे होतं ते कुठल्याही पुस्तकातून होत नाही.

आणि आपण, म्हणजे शेजारी, भाऊबंद, ऑफिसातले लोक? "काही लागलं तर सांग" म्हटलं की कुणीच काही सांगत नाही. त्याऐवजी "गुरुवारी रिपोर्ट आणायला मी जाते", "या आठवड्यात मुलांचा डबा माझ्याकडून" असं नेमकं बोलावं. दुसऱ्या कुणाच्या कॅन्सरची गोष्ट सांगू नये, अमुक पाल्याचा रस सुचवू नये. काही सुचलं नाही तर गप्प बसून राहिलं तरी चालतं.

शेवटी, जो रांगेत उभा राहतो, फाइल सांभाळतो, रात्री उठून पाणी देतो, त्याचाही एक आकडा असतो. नवरा, बायको, बहुतेक वेळा मुलगी किंवा सून. पेशंटइतकाच, कधी त्याच्याहूनही जास्त ताण यांच्यात सापडतो, आणि यांच्या नावाची फाइल कुठेच नसते. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणीतरी दवाखान्यात बसावं आणि यांनी घरी झोपावं, हे नातेवाइकांनी आपणहून ठरवायचं. त्यांचाही आकडा विचारायचा. १४४१६ वर पेशंटच्या घरच्या माणसांनाही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.